दारापुढचे वळण

कडीवर हात ठेवून म्हातारा दाराआड उभा राहिला. बाहेर नुकते फटफटत होते. लांबून खडीची करकर ऐकू येऊ लागली होती. आज दार उघडायचेच, असे त्याने ठरवले होते. विचारायचे एवढेच होते, "जेवतोस ना नीट?" पण तीन वर्षे मुलाशी अबोला धरलेल्या बापाला तेवढेही डोंगराएवढे वाटत होते.

रस्ता फक्त सायकलींचा होता. एका अंगाला शेते, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि पुढे समुद्राच्या कडेकडेने थेट बंदरापर्यंत. मोटारींना मज्जाव. वर बारीक खडी अंथरलेली, आणि ती सारखी ठेवायचे काम म्हाताऱ्याचे. रस्त्यालगतची चौकीची खोली हेच त्याचे घर. रोज संध्याकाळी तो लांब दांड्याचे दाताळे घेऊन खडी विंचरायचा. सुट्टीच्या दिवशी येणारे सायकलवाले त्याला फणीकाका म्हणत. "काका, आज भांग डावीकडं पाडा," असे म्हणून हसत पुढे जात. खरे तर आठवड्यातून एकदा फणी फिरवली असती तरी भागले असते. रोज का, ते त्याने कोणाला सांगितले नव्हते.

खडीवरची रेघ वाचता येते. खडे कोणीकडे सरकलेत ते पाहिले, की सायकल कुठे गेली ते कळते. रेघ किती खोल आहे ते पाहिले, की स्वार अंगाने कसा आहे तेही कळते. मुलगा लहान असताना म्हातारा त्याला रस्त्यावर उकिडवे बसवून विचारायचा, "सांग बघू, स्वारी कुठं गेली?" पोरगा नाक खडीला लागेपर्यंत वाकायचा आणि नेमके ओळखायचा.

पुढे त्याची आई आजारी पडली. मुलगा तेव्हा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. तो धावतपळत पोहोचला तोवर सगळे आटोपले होते. "आता कशाला आलास?" बापाने उंबऱ्यातच विचारले. मुलगा बूटही न काढता माघारी फिरला. त्यानंतर त्याने या दारात पाऊल टाकले नाही आणि बापानेही बोलावले नाही.

पण कारखान्याकडे जायचा रस्ता एकच होता. मुलाला सकाळची पाळी मिळाली आणि रोज पहाटे करकर ऐकू यायला लागली. म्हातारा पांघरुणात डोळे मिटून पडून राहायचा, जणू डोळे मिटले की कानही मिटतात. उजाडल्यावर मात्र बाहेर येऊन पाहायचा. विंचरलेल्या खडीवर एकुलती एक रेघ. सरळ यायची, चौकीच्या दारापुढे वळण घेऊन पार उंबऱ्याला खेटायची आणि पुन्हा रस्त्याला लागायची. ती दिसली की म्हाताऱ्याला चहा गोड लागायचा.

यंदा मध्येच रेघ येईनाशी झाली. आठवडे गेले. म्हातारा रोज फणी फिरवत राहिला. दूधवाली एकदा किटली खाली ठेवून म्हणाली, "काका, तुमच्या मुलाचा निरोप..."

"मला मुलगा नाही. दूध घाल."

तिने दूध घातले आणि ती निघून गेली.

मग एका सकाळी रेघ परत आली. पण कशी? उथळ, आणि झोकांड्या खात आलेली. म्हातारा गुडघे धरून खाली बसला आणि बघत राहिला. पोरगा पार वाळला असणार. हँडल सरळ धरण्याएवढाही जीव उरलेला दिसत नाही. सून त्याला खायला घालते की नाही? रोज रेघ तशीच येत राहिली आणि म्हाताऱ्याचा राग कुठल्या कुठे गेला. घास घशाखाली उतरेना.

करकर अगदी जवळ आली. त्याने कडी काढली.

वळण घेऊन उंबऱ्याशी आलेली सायकल दार उघडताच दचकली आणि आडवी झाली. सायकल मुलाची होती. जाकीटही मुलाचेच होते. आत सून होती.

"तो कुठंय?" म्हाताऱ्याने विचारले.

ती उठली. तळहाताला रुतलेले खडे तिने झटकले. "घरी. पडून असतात, बाबा. उजवी बाजू गेली त्यांची. वाचाही गेली."

"कधी?"

"झाले तीन महिने. दूधवालीकडं निरोप धाडला होता मी. तुम्ही तिला म्हणालात..."

म्हाताऱ्याने चौकट धरली. मग त्याची नजर सायकलीवर गेली. "तुला कुठं येत होती सायकल?"

"नव्हतीच येत. शिकले. किती वेळा आपटले असेन." तिने सायकल उभी केली. "इथवर येते आणि पुढच्या बांधावरून घरी जाते. बंदरावर माझं काय काम?"

"मग कशाला येतेस?"

सून त्याच्याकडे न बघता बोलली. "डावा हात तेवढा हलतो त्यांचा. दिवसभर बोटानं चादरीवर रेघ ओढत असायचे. सरळ, मग वळवून, मग परत सरळ. मी चादर नीट केली की पुन्हा तेच. आधी मला वाटलं, पाणी हवंय. मग वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. फार उशिरा कळलं मला, बाबा. ते तुमच्या दारावरून जात होते."