हे शिकवलं नव्हतं

आरोग्य शिबिरातले डॉक्टर खुर्चीत बसले तशी पायल हसली. हात जोडून म्हणाली, "जयभीम सर." आणि त्यांच्या दोन भिवयांच्या मधोमध नजर रोवून बसली.

लेकीला कोणाच्या डोळ्यांत बघणं सोसत नाही, म्हणून ही युक्ती मायनं, सत्यभामानंच शिकवली होती. दोन महिने, कापूस वेचून आल्यावर, रोज. कधी हसायचं, किती बोलायचं, सगळं. तिला बघायला आलेले राळेगावचे पाहुणे खूश होऊन गेले. मग पायल दोन दिवस घरातल्या कापसाच्या ढिगात तोंड खुपसून पडली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

तेव्हा कुठं मायचा जीव हलला. पण लग्न दिरानं ठरवलं होतं. "बोंडं सडली यंदा, वैनी," मारोती म्हणाला होता, "खाणारं एक तोंड तं कमी होईल." पोरीला आजार आहे असं शिबिरातल्या डॉक्टरनं लिहून दिलं तरच तो थांबणार होता. अंगणवाडीच्या बाईंनी चिठ्ठीवर 'स्वमग्नता' असा शब्द लिहून दिला होता. ती चिठ्ठी सत्यभामानं आठवणीनं आणली. आज पाहुण्यांपुढं वागलीस तसं वागू नको, हे पोरीला सांगायचं तेवढं राहून गेलं.

"वय काय गं?"

"एकोणीस. बारावी पास. सैपाक येते, शिवण येते." पायलनं पाठ केल्यासारखं सांगितलं.

डॉक्टर हसले. "चुणचुणीत आहे की!"

"घरी अशी नाही जी साहेब. कुकरची शिट्टी झाली का कान दाबून कोपऱ्यात बसते. बोलाचं बंद होते. पाव्हण्यांसाठी मीच शिकवलं तिले हे." सत्यभामानं बाईंची चिठ्ठी पुढे केली.

"शिकवलं आणि शिकली ना? मग झालं तर! अहो, हा आजार मुलग्यांचा. मुली लाजाळू असतातच. लग्न झालं की मोकळी होईल." तरी त्यांनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं, आणि पोरीकडे एकदा पाहिलं.

सत्यभामा लेकीच्या कानाशी वाकली. "पायल, घरी कशी रायते, तशी राय ना माय. एक डाव."

पायल गोंधळली. हे तिला शिकवलं नव्हतं. ती मायकडे बघत राहिली, मग चटकन काहीतरी आठवल्यासारखी उठून उभी राहिली आणि डॉक्टरांना म्हणाली,

"चहा आणू?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.