चिखलाचा टायर

"मामा, तुमचा चिखलाचा टायर द्याल? माझा फाटला. नाहीतर फायनल गेली." निलोफर धापा टाकत उभी होती.

मोटरसायकल शर्यतीचा मातीचा ट्रॅक कोरडा होता म्हणून मामांनी भाचीच्या, शर्वरीच्या बाइकला बुटक्या दात्यांचा टायर चढवला होता; चिखलात पकड घेणारा उंच दात्यांचा राखून ठेवला होता. पण धूळ फार उडाली तर आयोजक पाणी मारणार. मग तिलाही चिखलाचाच लागणार.

"देऊन टाका," शर्वरी म्हणाली.

"अगं, हिच्याशीच तर तुझी चुरस!"

"परवा कीर्तनात 'दिल्यानं वाढतं' ऐकून डोळे कोण पुसत होतं?"

"बुवांना कुठं शर्यत मारायची होती!" मामा पुटपुटले, पण टायर त्यांनीच बसवून दिला.

दोघी सुरुवातीच्या रेषेवर आल्या तोच पाण्याचा टँकर ट्रॅकवर शिरला. बघता बघता माती निसरडी झाली. आता टायर बदलायची परवानगी नव्हती. शर्वरीनं वाकून आपल्या बुटक्या दात्यांच्या टायरकडे पाहिलं.

निलोफरनं गॉगल वर केला. "ताई, तू पुढं जा. मी मागं राहते."

शर्वरी भडकलीच. "तू दया करावीस म्हणून दिला का टायर? पळव! मी पडले तरी थांबायचं नाही."

शर्यत सुटली, चाकांपुढचं आडवं गेट खाली पडलं आणि दोघी एकदमच चिखलात घुसल्या.