यानावरच्या आईला पत्र

पेठेबाईंनी नववीच्या फळ्यावर पत्राचा विषय लिहिला: यानावरच्या आईला पत्र. वर्गातल्या निम्म्या मुलांचं कुणी ना कुणी अंतराळयानावर होतंच.

"मोठ्यांना तीर्थरूप, लहानांना चिरंजीव," त्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या. "मायन्याला एक गुण."

रेणुकाने हात वर केला. "बाई, पत्र पोचेल तेव्हा मी पन्नाशीची असेन. यानाच्या वेगामुळे आई छत्तीस वर्षांचीच असेल. मग चिरंजीव आईस लिहू?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "परीक्षकाला यान दिसत नाही, मायना दिसतो. तीर्थरूपच लिही."

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्यांनी पर्समधून काल आलेलं पत्र काढलं. ते लिहिताना त्यांची आई यानावर चढून तिकडच्या घड्याळाने जेमतेम वर्ष झालं होतं. इथे किती वर्षं जातील हे ठाऊक असूनही तिने विचारलं होतं, "दहावीचे पेपर कसे गेले गं?"

बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्यांनी कोरा कागद ओढला. चिरंजीव लिहिलं, खोडलं.

"तीर्थरूप आईस, पेपर सोपे गेले."