एकच वेढा

दुपारी साडेतीनच्या सुमारास प्रभाकर जाम नदीत पडला. त्याची कुऱ्हाड पळसाच्या खोडात रुतून राहिली आणि तो उताणा, गुडघाभर पाण्यात गेला. कानशिलाजवळचं पाणी लाल झालं. काठावरचे ढोल थांबले नाहीत.

१९८६चा पोळा आदल्या दिवशी झाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार असते. नदीत रोवलेलं पळसाचं झाड तोडून न्यायला पांढुर्ण्याची माणसं पाण्यात उतरतात आणि सावरगावची माणसं त्यांना गोट्यांनी अडवतात. सकाळपासून दोन्ही काठांवर डोकी फुटत होती. फुटलेल्या डोक्याला राख लावून माणूस पुन्हा गोटे वेचायला वाकत होता.

यशवंतराव सावरगावच्या काठावर, धाकटा भाऊ गुणवंताच्या शेजारी उभे होते. ते परदेशात इतिहासाचे प्राध्यापक. ग्रीस, तुर्कस्तान, पेरू. जुन्या लढाया जिथे जिथे झाल्या ती रानं त्यांनी पायी पालथी घातली होती. गावची गोटमार मात्र ते शाळा सुटल्यानंतर प्रथमच पाहत होते.

प्रभाकर त्यांचा मेहुणा. बहीण प्रेमलता पलीकडे पांढुर्ण्यात दिलेली. सकाळी नदीत उतरताना त्यानेच अलीकडे हाक दिली होती, "साळेबुवा, नेम धरून मारा. सांजच्याला मटन आपल्याच घरी हाय." दोन्ही काठ हसले होते. या दिवशी साळा नाही, मेहुणा नाही, आणि गोट्याला धनी नाही.

वाकायची रीत मात्र सगळ्यांना ठाऊक. गोफणवाला डोक्यावर तीन वेढे घेतो. फिरता हात लांबून दिसतो, तोवर समोरचा खाली बसतो. झाडापाशी प्रभाकर दरवर्षी असाच वाचत आला होता.

पोळ्याच्या दिवशी, बैल गोठ्यात बांधल्यावर, यशवंतरावांनी पेटीतून एक लोकरीची गोफण काढून भावाला दिली होती. पेरूच्या डोंगरातल्या मेंढपाळाने विणलेली. गुणवंताने अंगणात सवयीने तीन वेढे घेतले. ते हसले. जुन्या सैन्यांत असं कोणी मारत नसे, म्हणाले. खांद्यामागून एकच वेढा आणि सोडायचं. त्यांनी स्वतः करून दाखवलं. गोटा बाभळीच्या खोडावर फाडकन बसला.

"मंग समोरच्याले वाकायले कसं समजन, भाऊ?" गुणवंताने विचारलं होतं.

"लढाईत कोणी सांगून मारतं काय रे?"

परदेशातल्या वर्गांत या वाक्याला हमखास हशा मिळे. अंगणातही मिळाला.

आज झाडावर कुऱ्हाडीचे घाव पडू लागले तसा गुणवंता दोन पावलं पुढे गेला होता. एकच वेढा. प्रभाकरची नजर त्याच्याकडेच होती, पण तो वाकला नाही.

आता गुणवंता मागे वळला. चेहरा पांढरा पडला होता.

"कुऱ्हाडीच्या हातावर मारला होता, भाऊ."

यशवंतराव पुलाकडे निघाले. पूल ओलांडून ते पांढुर्ण्यात पोचले तेव्हा प्रभाकरला जीपमध्ये आडवं घातलं होतं. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा भिजून टपटपत होता. छिंदवाड्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. कोणी मारला, हे कोणी विचारत नव्हतं. पोलिसांनीही विचारलं नाही.

प्रेमलता रडत नव्हती.

"हात फिरताना दिसला का वाकतच होते हे," ती म्हणाली. "आज हात फिरलाच नाही म्हणून राह्यले सारे. तू त्याच काठावर होता ना, भाऊ? मंग गोटा आला कसा?"

त्यांच्याकडे उत्तर होतं. त्यांनी तिला हात देऊन जीपमध्ये चढवलं आणि दार लावलं.

परतताना ते पुलावर थांबले. झाड उभंच होतं, त्यात कुऱ्हाड. गुणवंता कुठे दिसेना. लोकरीची गोफण दुसऱ्याच कोणाच्या हातात होती. त्याच्या भोवती दहाबारा जण आपापल्या सुताच्या गोफणी घेऊन उभे होते आणि खांद्यामागून एकेकच वेढा घेऊन बघत होते.

संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरने निरोप आणला. वाटेत सौंसरला जीप पाण्यासाठी थांबली, तेव्हा प्रभाकरचा श्वास चालू होता. त्यापुढचं अजून कळलेलं नाही.