गरम होईपर्यंत

“अँप्लिफायरपण गेला रे,” टिपणिसांनी आठल्यांना फोनवर सांगितलं. बायकोचं दिवसकार्य आटोपल्यावर त्यांनी पहिल्यांदाच गिटार हातात घेतली होती. बटण दाबून तार छेडली, तर आवाज नाही. बंद करून पुन्हा चालू केला, तरी खोका मुकाच. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांचा, तो साधासा खोका आठल्यांनी खास या मित्रासाठी स्वतःच्या हातांनी बनवला होता.

आठल्ये लगेच आले, बटण दाबलं आणि खुर्चीत बसून राहिले.

“अरे, उघडून बघ ना!”

“थांब की. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय आवाज कसा येईल?”

“आजवर तर लगेच यायचा.”

“लगेच? मग चालू कोण करायचं?”

टिपणिसांनी खोक्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. ऑफिसातून येऊन, आंघोळ करून ते वाजवायला बसत, तेव्हा खोक्यावरचा दिवा लागलेलाच असे. फ्रिजसारखा तोही कायम चालूच असतो, अशी त्यांची समजूत होती.

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस,” ते कुरकुरले.

“पहिल्याच दिवशी सांगत होतो! तू तारा जुळवण्यात दंग. वहिनींनी मात्र नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, त्यांना नका सांगू, त्यांना थांबायची सवय नाही. मी बघते.”

व्हॉल्व्ह तांबूस उजळले. टिपणिसांनी तार छेडली. आवाज अगदी पूर्वीसारखा, भरदार आला.

“बघ! काहीसुद्धा बिघडलेलं नाही,” आठल्ये खुशीत म्हणाले.

टिपणिसांनी तारेवर हात ठेवून आवाज थांबवला.

“बिघडलेला असता तर बरं झालं असतं रे.”