सहावी पट्टी

"खिसे झाडल्याशिवाय कुणाच्या घरातून पाऊल बाहेर टाकायचं नाही." वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी हे वाक्य त्यांच्याच घोगऱ्या आवाजात तिला ऐकू आलं, आणि तेही घरी पोचल्यावर, खिशात हात गेल्यावर. हाताला पोलादी पट्टी लागली. गोल, बोटभर रुंद, तोंडाशी एक स्क्रू. अगदी कोरी.

मेकॅनिकबाई स्वयंपाकघरात होती तिथंच खाली बसली. सकाळी तिनं डब्यातून मोजून सहा नव्या पट्ट्या घेतल्या होत्या, कारण सहा घरचे गॅस हीटर तपासून प्रत्येकाची जुनी पट्टी बदलायची होती. हीटरच्या पाठीमागून धूर बाहेर नेणारा पाइप जातो. त्याचा सांधा या पट्टीनं आवळायचा. पट्टी नसली तरी पाइप शहाण्यासारखा बसून राहतो. हीटर तास-दोन तास थरथरला की तसूभर सरकतो. मग धुरातलं विष घरातच कोंडतं. त्याला ना रंग, ना वास. माणूस खुर्चीत पेंगतो आणि घरचे म्हणतात, दमलाय, झोपू द्या.

साडेपाच वाजले होते. दुपारपासून वारा फिरला होता, थंडी चावायला लागली होती.

कुठलं घर, हा प्रश्नच तिला पडला नाही. शेवटचं. तिथं एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. सगळी गल्ली त्यांना आजी म्हणे. ती हीटरमागे डोकं खुपसून बसलेली असताना आजींनी जावयाचं आख्यान लावलं होतं. तीन वर्षांत जावई एकदाच आला, आणि आला तोही विसरलेला चार्जर न्यायला. ती खळखळून हसली होती. त्या हसण्यातच हातातलं काम राहिलं असणार.

तिनं आजींना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. भाजी चिरणाऱ्या आईनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली की थोडं काम राहिलंय. आईनं तिच्या हातातली पट्टी पाहिली. मेकॅनिकचीच बायको ती. खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढून तिनं लेकीच्या हातात ठेवली.

रस्त्यावर एकेका छपरावरच्या पाइपातून पांढरी वाफ निघू लागली होती. घराघरांत हीटर लागले होते. तिनं वाटेत एकच जप धरला. आजींच्या घरी नको. देवा, आजींच्या घरी तेवढं नको. सिग्नलला तेच, वळणावर तेच.

आजींचं दार आतून बंद होतं. खिडकीच्या काचा घामेजल्या होत्या आणि हीटरची घरघर बाहेरपर्यंत येत होती. तिनं बेल दाबली, मग दोन्ही मुठींनी दार बडवलं. काचेतून खुर्चीची पाठ अंधुक दिसली, तिच्यावर कलंडलेलं पांढरं डोकं. ते हललं नाही. पायरीवरची कुंडी तिनं उचलली, काचेच्या दिशेनं हात मागे घेतला, आणि ते डोकं हललं.

दार उघडलं तेव्हा आजींच्या हातात कानाचं यंत्र होतं. ते कानात बसवत त्या म्हणाल्या, "कुंडी हवी होती तर मागायचीस."

ती आत धावली. हीटर बंद केला, मागचं झाकण ओढलं, टॉर्च धरला. पट्टी जागेवर होती. नवी, चकाकणारी, स्क्रू घट्ट. तिनं अंगठ्यानं जोर लावून पाहिला. ढिम्म.

तिच्या जिवात जीव आला. तिथंच फरशीवर बसून ती हसत सुटली, आणि हसता हसता तिनं आजींना सगळं सांगून टाकलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या मुठीकडे बघितलं.

"मग ही कुणाच्या घरची?"

तिचं हसू ओठांवरच गोठलं. रस्ताभर तिनं जे मागितलं होतं, ते देवानं अक्षरशः दिलं होतं. इथं नाही. म्हणजे उरलेल्या पाचांपैकी एका घरी. त्यातल्या एका घरी बारा दिवसांचं बाळ होतं. झोप मोडेल म्हणून त्याच्या आईनं तिला हत्यारं हळू ठेवायला सांगितलं होतं. आजींच्या दारातलं संकट तिनं आपल्याच जपानं तिकडे लोटलं होतं.

आजींनी तिच्याकडून घरांची यादी मागून घेतली, चष्मा चढवला आणि फोन जवळ ओढला. त्या म्हणाल्या की हीटर बंद करून खिडक्या उघडायला त्या सगळ्यांना सांगतील, वर्ग गप्प करायचा आवाज अजून शाबूत आहे.

"तू दारं गाठ," त्या म्हणाल्या. "आणि पाचही घरची माणसं डोळ्यांनी बघितलीस, की मला सांगायला ये. तोवर मी जागी आहे."

"येते," ती म्हणाली.

पहिल्या नंबरची घंटी वाजत होती. कुणी उचलत नव्हतं. ती बाहेर आली. स्कूटर सुरू करताना सवयीनं ओठ हलले, आणि आता कुठल्या घराचं नाव घ्यावं हे तिला कळेना. तिनं ओठ मिटले आणि स्कूटर बाळाच्या घराकडे वळवली.