डेलफीनची तबकडी

"हा आवाज चर्चच्या स्वयंपाकघरातच राहायला हवा होता. तिथे निदान भांड्यांच्या खडखडाटात तो बुडून तरी गेला असता."

पस्तीस वर्षांपूर्वी आपणच लिहिलेली ही वाक्यं ऑर्विल टिब्सनं दोनदा वाचली आणि तपासायला आलेली मुद्रितं बाजूला सारली.

डेट्रॉइटमधल्या काळ्या लोकांच्या एका साप्ताहिकात तो सदर लिहायचा. आपल्या लोकांची गाणी, पुस्तकं, टीव्हीवरच्या मालिका, सगळ्यांवर. न्हाव्याच्या दुकानात लोक ते मोठ्यानं वाचायचे आणि पोट धरून हसायचे. आता त्या लेखांचं पुस्तक निघत होतं. पण हा लेख वाचताना त्याला स्वतःला हसू आलं नाही. लेख डेलफीन रूक्स या गायिकेच्या गाण्यांच्या तबकडीवर होता. तिची ती पहिलीच तबकडी. शेवटचीही तीच. लेख आल्यावर तबकडी काढणाऱ्या कंपनीनं तिला वाऱ्यावर सोडलं, एवढं त्याच्या कानावर आलं होतं.

"मी तिची माफी मागून येतो," तो बायकोला म्हणाला.

अर्निस चवळी निवडत होती. "जाऊ नकोस. खपली धरलीय, ती कशाला काढायची?"

"मनाला फार लागलंय गं."

"आत्ता लागलं?" असं म्हणून ती चवळी घेऊन आत गेली.

डेलफीनचं केशभूषेचं दुकान गावाच्या पश्चिमेला होतं. ती एका मुलीच्या वेण्या घालत होती. साठी उलटली तरी चेहरा तसाच देखणा. तिनं आरशातच त्याला ओळखलं.

"अगं बाई! साक्षात टिब्स साहेब! आता काय, माझ्या वेण्यांचे वाभाडे काढणार?"

बायका खिदळल्या. ऑर्विलनं टोपी काढली. वाटेत घोकलेलं सगळं तो विसरला होता.

"डेलफीनताई, मी तुमचं आयुष्य नासवलं. लोकांना हसवायचं होतं, म्हणून लिहिलं. खरं तर ती तबकडी मी पुरती ऐकलीसुद्धा नव्हती."

डेलफीननं कंगवा खाली ठेवला आणि त्याला मागच्या खोलीत नेऊन बसवलं.

"पुरती ऐकलीही नव्हती?"

त्यानं मान हलवली. "दोनच गाणी ऐकली. अंक छापायला जायचा होता."

तिनं खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, माझ्यासाठी जीव जाळू नका. मला सूर कशाशी खातात तेही ठाऊक नाही. कंपनीला वेष्टनावर चेहरा हवा होता, तो माझा घेतला. गायली दुसरीच."

ऑर्विल तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, डोळ्यांत पाणीही आलं. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे सैल झाले.

"म्हणजे तुमचं काहीच नुकसान नाही झालं?"

"माझं? छे! दुकान बघा की माझं." पण ती हसली नाही.

"आणि ती दुसरी? तिचं नाव कुठेच कसं नाही?"

"तिनंच नको म्हटलं. बाप पाद्री. पोरगी चर्चबाहेरची असली गाणी गाते हे कळतं, तर घराबाहेर काढलं असतं त्यानं. चोरून यायची बिचारी. पण काय गळा होता! वाजवणारे हातातली वाद्यं थांबवून ऐकत बसायचे."

"पुढे गायली का ती?"

"एक ओळसुद्धा नाही."

ऑर्विलनं टोपी हातात घट्ट धरली. "लेख वाचला होता तिनं?"

"सगळ्यांच्या आधी. अंक निघायचा त्या दिवशी ती पहाटेच छापखान्याच्या दारात जाऊन उभी होती." डेलफीननं मान खाली घातली. "आदल्या दिवशी मला म्हणाली होती, 'माझं नाव कळायच्या आत त्याला गाणं आवडू दे. लेख आला, की मग सांगेन, ऑर्विल, ती तुझी अर्निस आहे.'"